निमगाव ते येरवडा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या निमगाव साव्यात, म्हणजे जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागात, एखादं पोर ऐकेनासं झालं की मोठी माणसं ठरलेला दम भरत, ‘येरवड्याला धाडीन.’ मी लहानपणी हा दम पुष्कळदा ऐकला, दोन-चार वेळा खाल्लाही. येरवड्यात तुरुंग आहे आणि वेड्यांचं इस्पितळही आहे. दम देणाऱ्याच्या मनात त्यातलं नेमकं कोणतं असायचं, हे कधी कुणी सांगितलं नाही. बहुधा त्यालाही ठाऊक नसावं. ज्या तुरुंगात गांधीजी राहिले, त्या गावाचं नाव आमच्याकडे फक्त पोरांना भिववण्यासाठी उरलं होतं.

आज मला बोलायचं आहे ते वाढत्या वयाच्या मुलांशी आणि त्यांच्या घरच्यांशी कसं बोलावं, हे आपल्या समाजानं कधी आणि कुणाकडून शिकायला सुरुवात केली याबद्दल. या कामाला हल्ली ‘समुपदेशन’ म्हणतात. शब्द भारदस्त आहे. पण मी पडलो कवी, शब्द दिसला की तो उलटसुलट करून पाहण्याची खोड आहे. समुपदेशनाच्या पोटात ‘उपदेश’ बसलेला आहे, आणि हे काम करणारी चांगली माणसं सांगतात की उपदेश तेवढा करायचा नाही, बाकी सगळं करायचं! त्यापेक्षा मराठीत आधीपासून नांदणारे शब्द पाहा. सल्ला, मसलत, दिलासा, खलबत. सल्ला म्हणजे अरबीतलं ‘सलाह’, मसलत म्हणजे ‘मसलहत’, दिलासा फारसीतून आलेला, दिलाला आराम देणारा. खलबत हा शब्द तर ‘खल्वत’वरून आला. खल्वत म्हणजे एकांत. सूफी लोक चिंतनासाठी खल्वतीत बसत. मराठ्यांच्या किल्ल्यांवर त्याचा खलबतखाना झाला, राजकारणाची बोलणी करण्याचा. आणि आपल्या बोलीत खलबत म्हणजे कुणाविरुद्ध तरी चाललेली कुजबूज! दार लावून एखाद्याचं नीट ऐकून घेणं, हा मूळ अर्थ वाटेत कुठंतरी सांडला. तो परत वेचून आणायला विसावं शतक निम्मं सरलं.

पौगंडावस्था हा शब्दही पुस्तकातला. आमच्याकडे मुलाला ‘मिसरूड फुटलं’ आणि मुलगी ‘शहाणी झाली’, एवढ्यावर विषय संपे. मुलाला वाटणारी भीती, शरम, अंगातले बदल यांचं काय करायचं, हे विचारायला जागा नव्हती. अशी एक जागा मराठीत पहिल्यांदा उघडली ती एका मासिकानं. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि १९५३ साली निधन होईपर्यंत चालवलं. कर्वे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून नोकरी गेली. त्यांच्या मासिकात वाचकांचे प्रश्न येत आणि कर्वे सडेतोड, शास्त्राला धरून उत्तरं देत. स्वतःच्या शरीराबद्दल घाबरलेल्या तरुणाला ‘तुला काहीही झालेलं नाही’ असं लेखी सांगणारा माणूस त्या काळात दुसरा कोण होता? ही उत्तरं अश्लील ठरवून १९३४ साली खटला भरला गेला. कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचं म्हणणं साधारण असं, की लोक अडचणी विचारतात आणि जाणकार उत्तरं देतो, यात गुन्हा कसला? खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पोरांच्या प्रश्नांना उत्तर देण्याची आपल्याकडे ठरलेली ही किंमत.

त्याच सुमारास मुंबईत, नागपाड्याच्या गिरणकामगार वस्तीत, दुसरं एक काम उभं राहत होतं. क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्यानं तिथं ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ चालवलं होतं. तिथंच १९३६ साली सर दोराबजी टाटांच्या नावानं समाजकार्याचं शिक्षण देणारी शाळा निघाली. आज आपण जिला टाटा समाजविज्ञान संस्था म्हणतो ती हीच. या संस्थेनं १९३७ साली मुलांसाठी मार्गदर्शन चिकित्सालय उघडलं. अशा प्रकारचं देशातलं हे पहिलंच मानतात. मूल बिघडलं म्हणजे त्याला बडवायचं नाही, आई-बाप, घर, वस्ती, शाळा हे सगळं समजून घ्यायचं, असा तिथला विचार. पुढे स्वातंत्र्य आलं, मुंबई सरकारनं १९५० साली व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र काढलं, पुण्यात १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू झाली आणि तिथं मानसशास्त्राचा उपयोग मुलांसाठी होऊ लागला. हे सगळं चांगलंच झालं. पण ते शहरात झालं. आमच्या गावापर्यंत त्यातलं काही आलं नाही. आमच्याकडे आली ती वेताची छडी आणि दहावीची ऑक्टोबरची वारी.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो. इतकी वर्षं सांगितली नव्हती.

माझा चुलतभाऊ माझ्याहून वर्षानं लहान. त्याचं नाव सांगत नाही. शाळेत त्याचं मन लागलं नाही. पंधराव्या वर्षी तो कांद्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून जाऊ लागला. गावाकडचा कांदा वाशीला उतरायचा आणि परतीचा माल मिळेपर्यंत ट्रक दोन-दोन दिवस मुंबईत उभा राही. १९८७ साली तो कायमचा घरी परत आला तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि ओळखू येत नव्हता. गाल आत गेलेले, अंगाला पाणी लावायला तयार नाही, दिवसभर पडवीत गोधडीत गुंडाळून पडलेला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी जपून ठेवायचा. आम्हाला वाटे, लहान पोरासारखा चांदी जमवतो. ती पन्नी गर्द ओढायला लागते, हे आम्हाला कुठून कळणार?

गर्द म्हणजे ब्राउन शुगर. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ती मुंबईत आली, मग पुण्यात. दारूडा आम्ही पिढ्यान् पिढ्या पाहिलेला, त्याच्यासाठी गावाकडे शिव्याही तयार होत्या आणि क्षमाही. गर्दसाठी यातलं काहीच नव्हतं. गर्द मिळेनाशी झाली की शरीर जे बंड करतं, त्याला गर्दुल्ल्यांच्या भाषेत ‘टर्की’ म्हणतात. उलट्या, हाडं मोडल्यासारखं दुखणं, झोप नाही. चाची रात्रभर त्याचे पाय दाबायची. गावात कुणी म्हणालं बाधा आहे. चाचांनी त्याला दर्ग्यावर नेलं, दंडात ताईत आला. शेजारच्या बाईंच्या आग्रहावरून देवऋषी झाला. एका जाणत्यानं सांगितलं, लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल. मी यातल्या कुणालाही हसणार नाही. दर्ग्यावर निदान कुणीतरी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता. (दर्गे म्हटलं की २००१ सालची तामिळनाडूतल्या एरवाडीची आग आठवते. साखळदंडांनी बांधलेले अठ्ठावीस रुग्ण त्यात गेले. पण गुजरातमध्ये उनाव्याला मीरा दातार दर्ग्यावर २००८ पासून ‘दवा आणि दुआ’ असा उपक्रम निघाला. मुजावर दुआ करतात आणि तिथंच मनोविकारतज्ज्ञही तपासतात. असंही होऊ शकतं.)

त्या वेळी मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. वर्तमानपत्र वाचत होतो. त्यात गर्दबद्दल लिहून येत होतं, आणि येरवड्याला गर्दवाल्या मुलांसाठी नवं केंद्र निघाल्याचंही मी वाचलं होतं. आमच्याकडे येणाऱ्या एस.टी.च्या एका कंडक्टरनंही चाचांना तेच सांगितलं, ‘चाचा, पोराला येरवड्याला न्या. तिथं बरी करत्यात म्हणं अशी पोरं.’ चाचा उठून उभे राहिले. घरात आम्ही दखनी बोलतो. चाचा एवढंच म्हणाले, ‘मेरा बच्चा पागल नहीं हय.’ आणि माझ्याकडे पाहिलं. घरातला शिकलेला मी. मी म्हणायला हवं होतं की चाचा, ते वेड्यांचं नाही, वेगळं आहे, मी वाचलंय. मी म्हणालो नाही. येरवड्याचा तो लहानपणचा दम माझ्याही अंगात मुरला होता. आणि खरं सांगायचं तर गावात चर्चा होईल याची मला चाचांपेक्षा जास्त शरम वाटत होती.

आता त्या केंद्राबद्दल. डॉ. अनिल अवचट हे नाव मराठी वाचकाला सांगायला नको. १९४४ साली ते जन्मले आमच्याच तालुक्यातल्या ओतूरला. डॉक्टरकी शिकले आणि लेखक-कार्यकर्ते झाले. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता, ज्यांना सगळे सुनंदा म्हणत, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. गर्द ओढणारी मुलं या दोघांच्या परिचयात येऊ लागली. अवचट त्या मुलांत, त्यांच्या अड्ड्यांवर हिंडले आणि त्यांनी लेखमाला लिहिली. पुढे तिचं ‘गर्द’ हे पुस्तक झालं. लेख वाचून पु. ल. देशपांडे अस्वस्थ झाले. पुलं आणि सुनीताबाईंनी आपल्या प्रतिष्ठानतर्फे एक लाख रुपये देऊ केले. १९८६ मध्ये लाख रुपये म्हणजे काय, हे त्या काळी पगार घेतलेल्यांना विचारा. सरकारनं मनोरुग्णालयाच्या आवारात जागा दिली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू झालं.

जागा मनोरुग्णालयाच्या आवारात मिळाली, हा काही कुणाचा दोष नव्हता. तीच उपलब्ध होती. पण किती घरांच्या उंबऱ्यावर त्या एका पत्त्यानं गाडी अडली असेल, हे मी आमच्या पडवीवरून सांगू शकतो. पुढे मुक्तांगणची येरवड्यातच आळंदी रस्त्याला स्वतःची इमारत झाली.

सुनंदाबाईंनी जे केलं, ते मला इतिहासाच्या दृष्टीनं फार मोलाचं वाटतं. मुक्तांगणातला मुक्काम साधारण पस्तीस दिवसांचा. सुरुवातीचे काही दिवस टर्की उतरवण्याचे, औषधांचे. त्यानंतर औषधापेक्षा बोलणं जास्त. बोलणारे कोण? तर त्याच वाटेनं जाऊन परत आलेले. व्यसनातून बाहेर पडलेली मुलंच तिथं कार्यकर्ते झाली. नव्यानं आलेल्या पोराला थाप मारायची सोय नाही, कारण समोरच्यानं तीच थाप आपल्या आईला मारलेली असते. दुसरी गोष्ट, घरच्यांना बाहेर ठेवायचं नाही. आई-बापांना, बायकोला बोलवायचं, त्यांचंही ऐकायचं. व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट निघाला. पोरगं आजारी पडलं की घरही आजारी पडतं. रात्रभर पाय दाबणारी आई, शरमेनं मशिदीत जायचं टाळणारा बाप, यांनाही कुणीतरी विचारायला हवं असतं की तुमचं कसं चाललंय. आमच्या चाचीला हे कुणीच विचारलं नाही. सुनंदाबाई १९९७ साली कर्करोगानं गेल्या. त्यांची लेक मुक्ता पुणतांबेकर मानसशास्त्र शिकून याच कामात आली. अनिल अवचट २७ जानेवारी २०२२ रोजी गेले, तेव्हा ओतूरच्या या माणसाची आमच्या तालुक्यातल्या फार थोड्या घरांना प्रत्यक्ष ओळख होती. माझं घर त्यांत नव्हतं.

माझा भाऊ १९८८ च्या उन्हाळ्यात कांद्याच्या एका ट्रकवर बसून गेला. वाशीला उतरला, एवढं ड्रायव्हरनं सांगितलं. नंतर पत्ता नाही. चाचा तीन वर्षं दर दोन महिन्यांनी वाशीला आणि डोंगरीला जाऊन शोधत होते. मग तेही थकले.

त्या काळाकडे मागे वळून पाहिलं की आणखी काही गोष्टी दिसतात.  जानेवारी १९८७ मध्ये पुण्यात डॉ. संजीवनी कुलकर्णी यांनी ‘पालकनीती’ मासिक सुरू केलं, फक्त पालकत्वावर. २३ मार्च १९९० रोजी ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्यासाठी ‘आयपीएच’ ही संस्था काढली. तिच्या ‘वेध’ परिषदांना मुलं आणि आई-बाप शेजारी शेजारी बसू लागले. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ शिबिरांतून मुलामुलींशी त्यांच्या शरीराबद्दल मोकळेपणी बोलायला सुरुवात केली. कर्व्यांना ज्यासाठी दंड झाला, तेच काम आता टाळ्या घेऊ लागलं. जून १९९६ मध्ये टाटा संस्थेतून १०९८ हा मुलांसाठीचा फोन निघाला. आणि २००० सालाच्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात, घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेनं केंद्र उघडलं, त्याचं नाव ठेवलं ‘दिलासा’. ते नाव वाचून मला झालेला आनंद एखाद्या पुरस्कारानं झाला नसता.

मधल्या काळात एक वाईट हंगाम येऊन गेला. २०१० च्या सुरुवातीला मुंबईतून विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या लागोपाठ आल्या. सगळं राज्य हादरलं. परीक्षेच्या दिवसांत मंडळाचे समुपदेशक आणि त्यांचे फोन नंबर वर्तमानपत्रांत छापून येतात, ते आता आपल्या इतकं सवयीचं झालंय की त्यावर नजर ठरत नाही. २०१५ पासून दहावीच्या नापासांची फेरपरीक्षा जुलैतच होऊ लागली, म्हणजे वर्ष वाचलं. २०१६ साली कलचाचणी आली. काही वर्षं टिकली आणि गेली. गुणपत्रिकेवरचा ‘नापास’ शेरा गेला, त्या जागी कौशल्य विकासाला पात्र असं लिहू लागले. काही जण याला हसले. मी १९८५ साली गणितात नापास होऊन, निकालाचा कागद खिशात घेऊन विहिरीच्या कठड्यावर संध्याकाळपर्यंत बसलेला मुलगा आहे. मला हसू आलं नाही. त्या दिवशी आमचे एक मास्तर सायकलवरून शोधत आले. काही बोलले नाहीत. सायकल लावली आणि बाजूला बसले. अंधार पडल्यावर म्हणाले, ‘चल, अम्मी वाट बघत आसंल.’ ऑक्टोबरला मी सुटलो. समुपदेशन हा शब्द त्या मास्तरांनी ऐकलेला नसणार.

केंद्र सरकारनं जानेवारी २०१४ मध्ये किशोरवयीनांसाठी राष्ट्रीय स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्याखाली सरकारी दवाखान्यांत किशोरवयीनांसाठी वेगळी खोली असते. महाराष्ट्रात तिला ‘मैत्री’ असं छान नाव आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या नंबरवर ‘टेलिमानस’ आहे, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. जुलै २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलं, की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा. कागदावर आपण बरेच पुढे आलो. पण कागद आणि गाव यांच्यामधल्या वाटेवर आमच्याकडे अजून ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. संध्याकाळनंतर पोरं घराबाहेर पडत नाहीत. पूर्वी जी पारावर, नदीकडेला मोकळी व्हायची, ती आता दार लावून मोबाइलमध्ये असतात. मुक्तांगणात आता मोबाइल सुटत नाही म्हणून मुलं येतात, हे ऐकल्यावर मला गोधडीतला तो चेहराच आठवला. फक्त पन्नीच्या जागी हातात दुसरी चकाकती वस्तू.

२०२३ च्या पावसाळ्यात आमच्या वस्तीवरचे एक बागायतदार माझ्याकडे आले. सोमवार होता, बेल्ह्याच्या बाजारातून परस्पर आले होते, हातात पिशवी तशीच. पोरगा अकरावीत. शाळा सोडलेली, रात्रभर जागा, विचारलं की ताट फेकतो, मग रडतो. ‘भाई, तुम्ही लिव्हणारं माणूस. कुणाला सांगू नका. देवाचं झालं, बाहेरचं झालं. आता मंडळी म्हणत्यात, आत्याकडं धाडा.’ थोडं थांबून त्यांनी आवाज खाली आणला. ‘येरवड्याचं काय नाव काढू नका बरं का.’

मी उठून दार लावलं. त्यांच्यासमोर बसलो आणि माझ्या भावाची गोष्ट सांगितली. वाशीपर्यंतची सगळी. ते ऐकत होते. गुडघ्यावरची पिशवी कधी खाली ठेवली, त्यांना कळलं नसावं.

‘ते समुपदेशन म्हणत्यात, त्यात नक्की काय करत्यात?’ त्यांनी विचारलं.

‘ऐकत्यात,’ मी म्हणालो.

‘मारत-बिरत न्हाईत?’

‘न्हाई.’

चार दिवसांनी आम्ही तिघं सरकारी दवाखान्यातल्या ‘मैत्री’च्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. पोरगा मधे, मान खाली. वाटेत एक शब्द बोलला नव्हता. खोलीतून एक तरुण बाई बाहेर आल्या. आम्हाला वाटलं, पोराला बोलावतील. त्यांनी त्याच्याकडे पाहून विचारलं, ‘तू आधी येतोस, की बाबांना आधी घेऊ?’

पोरानं वर पाहिलं. मग बोटानं बापाकडे दाखवलं. बागायतदारांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि ते आत गेले.